डॉ. बाबासाहेब आंबेडकर : हरेगावला आलेला नेता आणि आपल्यापुढे ठेवलेला प्रश्न

दरवर्षी सप्टेंबर महिन्यात घोडेगाव आणि आसपासच्या धर्मग्रामांतील भाविक मतमाउलीच्या यात्रेसाठी हरेगावची वाट धरतात. १९४९ साली सुरू झालेल्या या यात्रेचे अमृतमहोत्सवी वर्ष २०२३ साली साजरे झाले. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील कॅथोलिक कुटुंबांच्या आठवणींत हरेगाव हे नाव नवस, मेणबत्त्या, जपमाळ आणि आप्तेष्टांच्या भेटी यांच्याशी जोडले गेले आहे. मात्र या यात्रेच्या आधी दहा वर्षे, म्हणजे डिसेंबर १९३९ मध्ये, याच हरेगावात आणखी एक मोठा मेळावा भरला होता. तो वतनदार महार, मांग आणि वेठिया यांच्या परिषदेचा होता. तिचे अध्यक्ष होते डॉ. भीमराव रामजी आंबेडकर.

त्या मेळाव्यात मांडली गेलेली गाऱ्हाणी आपल्याच वाडवडिलांच्या जीवनातली होती. या जिल्ह्यात शुभवर्तमान पोहोचले ते प्रामुख्याने गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतून. आपल्यापैकी बहुसंख्यांची कुळे त्याच वस्त्यांतली आहेत. बाबासाहेब ख्रिस्ती झाले नाहीत. ख्रिस्तसभेविषयी त्यांनी काही कठोर मतेही व्यक्त केली. तरीही, किंबहुना त्यामुळेच, त्यांच्या जीवनाचे मनन आपण श्रद्धावंतांनी करणे अगत्याचे आहे. सार्वजनिक जीवनातील पूर्वग्रह आणि विषमता यांना सार्वजनिक मार्गांनीच तोंड द्यावे लागते, हा धडा आपल्या भूमीत त्यांच्याइतका स्पष्टपणे क्वचितच कोणी शिकवला असेल.

बालपण : पाण्याचा पहिला धडा

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील रामजी सकपाळ हे सैन्यात सुभेदार होते. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. आई भीमाबाई यांचे हे चौदावे अपत्य. निवृत्तीनंतर वडिलांनी काही काळ दापोलीत व नंतर साताऱ्यास बिऱ्हाड केले. साताऱ्यातच आईचे छत्र हरपले.

शाळेत हुशार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मुलाला इतर मुलांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर बसावे लागे. ते गोणपाट रोज घरी न्यावे लागे, कारण शाळा झाडणारा शिपाईही त्याला हात लावीत नसे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडून दिला तरच पाणी मिळे. शिपाई जागेवर नसला तर त्या दिवशी पाणी नाही. केस कापायला न्हावी मिळत नसे. ते काम थोरली बहीण करी.

१९०१ च्या सुमारास वडील सातारा जिल्ह्यातील गोरेगाव येथे नोकरीला असताना भीमराव व त्यांची भावंडे त्यांना भेटायला निघाली. मसूर स्थानकावर उतरल्यावर मुलांची जात कळताच एकही गाडीवान त्यांना बैलगाडीत घ्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे आणि गाडी मुलांनीच हाकायची, अशा अटीवर प्रवास ठरला. गाडीवान आपल्याच गाडीबरोबर पायी चालला. सोबत डबाभर अन्न असूनही वाटेत प्यायला पाणी मिळाले नाही, म्हणून मुले उपाशी झोपली. चांगले कपडे घातलेल्या, पैसे द्यायला तयार असलेल्या मुलांच्या वाट्याला हे आले. अस्पृश्यतेचे मूळ गरिबीत वा अस्वच्छतेत नसून जन्मालाच चिकटवलेल्या कलंकात आहे, हे त्या वयातच त्यांच्या मनावर कोरले गेले.

शिक्षण आणि बडोद्याचा अनुभव

मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून १९०७ साली ते मॅट्रिक झाले. त्यांच्या समाजासाठी ही घटना इतकी अपूर्व होती की त्यानिमित्त सत्कार समारंभ झाला आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१२ साली ते बी.ए. झाले आणि १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, मानववंशशास्त्र अशा विषयांचा व्यासंग करून १९१६ साली ते लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने शिक्षण अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले आणि करारानुसार १९१७ साली ते बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झाले.

परदेशी विद्यापीठाचा पदवीधर, संस्थानचा अधिकारी. पण बडोदा शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात त्यांनी पारशी नाव धारण करून आसरा घेतला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. तेव्हा त्यांना दोन मित्रांची आठवण झाली. त्यांपैकी एक हिंदू होता. त्याने मनापासून हळहळ व्यक्त केली, पण हा पाहुणा घरी आला तर घरातले नोकर निघून जातील, अशी आपली अडचण सांगितली.

दुसरा मित्र ख्रिस्ती होता. बंधुभगिनींनो, चरित्रातील हा प्रसंग आपण नजर चुकवून ओलांडू नये. हे पतिपत्नी मूळचे ब्राह्मण कुटुंबातील. पत्नी उद्या येणार आहे, तिचा विचार घेऊन सांगतो, असे त्या मित्राने उत्तर दिले. धर्मांतरानंतर पतीचे विचार उदार झाले असले तरी पत्नीचे संस्कार जुनेच राहिले आहेत आणि ती अस्पृश्याला घरात घेणार नाही, हे बाबासाहेबांनी ओळखले. एका सार्वजनिक बागेत काही तास काढून रात्रीच्या गाडीने ते मुंबईला परतले. त्या रात्री एका ख्रिस्ती घराचे दार उघडले असते तर इतिहास बदलला असता की नाही, हे सांगता येणार नाही. परंतु बाप्तिस्म्याच्या पाण्याने जे धुऊन निघायला हवे होते ते त्या घरात धुतले गेले नव्हते, एवढे निश्चित.

पुढे १९३४ साली सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहायला गेले असता तेथील हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले म्हणून काही मुसलमानांनी त्यांना घेरले. हिंदूंना जो अस्पृश्य वाटतो तो पारशी, मुसलमान आणि ख्रिस्ती यांच्या व्यवहारातही अस्पृश्यच राहतो, असा दाहक निष्कर्ष त्यांनी या अनुभवांतून काढला. पूर्वग्रह हा एका धर्माचा आजार नाही. तो हवेसारखा सर्वांच्या घरात शिरतो.

चवदार तळे आणि काळाराम मंदिर

१९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. पुढच्याच वर्षी मताधिकाराची चौकशी करणाऱ्या साउथबरो समितीपुढे त्यांनी अस्पृश्यांच्या प्रतिनिधित्वाची बाजू मांडली. ३१ जानेवारी १९२० रोजी राजर्षी शाहू महाराजांच्या साहाय्याने 'मूकनायक' हे पत्र निघाले. त्यानंतर लंडनला परतून त्यांनी अर्थशास्त्रातील डी.एस्सी. ही पदवी आणि बॅरिस्टरची सनद मिळवली. १९२४ साली त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना केली.

मुंबईच्या कायदे कौन्सिलाने १९२३ साली सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले होते. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले होते. कागदावर हक्क मिळाला, पण तळ्यावर जाण्याची कोणाची छाती झाली नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो अनुयायांसह शिस्तीने तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. परतताना त्यांच्या अनुयायांना मारहाण झाली, तळ्याचे शुद्धीकरण करण्यात आले आणि प्रकरण न्यायालयात गेले. त्याचा निकाल उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने लागला तो १९३७ साली. एका ओंजळीसाठी दहा वर्षे लागली.

याकोबाच्या विहिरीपाशी प्रभू येशूने शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागितले, हा योहानलिखित शुभवर्तमानातील प्रसंग आपण उपवासकाळात मिस्सामध्ये ऐकतो. ज्यांच्या भांड्याला शिवणे निषिद्ध मानले जाई, त्यांच्याच हातचे पाणी प्रभूने मागितले. महाडच्या तळ्यावर जे घडले ते या विहिरीपासून फार दूरचे नाही.

आपल्या धर्मप्रांताचे केंद्र असलेल्या नाशिक नगरीत २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली तो पुढे सुमारे पाच वर्षे चालला. देवाच्या दारात माणूस म्हणून उभे राहण्याचा हक्क मिळतो की नाही, याची ती परीक्षा होती. मंदिराचे दार उघडले नाही.

गोलमेज परिषद आणि पुणे करार

१९२८ साली सायमन कमिशनपुढे बाबासाहेबांनी प्रौढ मताधिकाराची मागणी केली. १९३० ते १९३२ या काळात लंडन येथे झालेल्या गोलमेज परिषदांत त्यांनी अस्पृश्यांचे प्रतिनिधित्व केले. दुसऱ्या परिषदेच्या वेळी, १९३१ साली, अल्पसंख्याकांच्या प्रतिनिधींनी राजकीय संरक्षणाची संयुक्त मागणी केली. त्या निवेदनावर बाबासाहेबांच्या बरोबरीने भारतीय ख्रिस्ती समाजातर्फे ए. टी. पन्नीरसेल्वम यांची सही होती. पन्नीरसेल्वम हे तंजावर भागातील कॅथोलिक पुढारी होते. मात्र त्याच परिषदेतील दुसरे ख्रिस्ती प्रतिनिधी एस. के. दत्त यांचे मत याहून वेगळे होते. आपल्या समाजाने राजकारणात कोणती वाट धरावी, याविषयीचे मतभेद तेव्हापासूनचे आहेत.

ऑगस्ट १९३२ मध्ये जातीय निवाडा जाहीर होऊन अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले. गांधीजींनी त्याविरुद्ध येरवड्याच्या तुरुंगात प्राणांतिक उपोषण आरंभले आणि २४ सप्टेंबर रोजी पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले, राखीव जागा ७१ वरून १४८ झाल्या. एका वयोवृद्ध महात्म्याच्या प्राणांचा आणि कोट्यवधी दुबळ्यांच्या हक्कांचा भार एकाच वेळी एका माणसाच्या खांद्यावर आला होता. त्या तडजोडीची टोचणी त्यांना पुढे आयुष्यभर राहिली.

ख्रिस्ती समाजाला केलेली विचारणा

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातील येवले येथे बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याचा निर्धार जाहीर केला. त्यानंतर विविध धर्मांचे पुढारी त्यांच्या भेटीस येऊ लागले. त्यांत ख्रिस्ती धर्माधिकारीही होते. ख्रिस्ती धर्माचा त्यांचा अभ्यास वरवरचा नव्हता. १९३८ च्या प्रारंभी सोलापूर येथे ख्रिस्ती बांधवांसमोर ते मोकळेपणाने बोलले. बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांनी आपले मन आकर्षून घेतले असल्याचे त्यांनी सांगितले. त्याचबरोबर दक्षिण भारतातील चर्चमध्ये पाळल्या जाणाऱ्या जातिभेदाकडे त्यांनी बोट दाखवले. ख्रिस्ती समाज शिक्षणात पुढे असूनही राजकारणात मागे आहे आणि सामाजिक अन्यायाविरुद्ध लढण्यास तो पुढे येत नाही, अशी खंतही त्यांनी व्यक्त केली.

धर्मांतरितांच्या स्थितीविषयी त्यांनी लिहिलेले निबंध त्यांच्या निधनानंतर प्रकाशित झाले. त्यांतही हीच विचारणा अधिक तपशिलाने येते. मिशनऱ्यांनी शाळा काढल्या, दवाखाने चालवले, दुष्काळात पोटाशी धरले, हे त्यांनी मान्य केले. परंतु बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाला शेजाऱ्याने माणूस म्हणून वागवावे यासाठी संघटित प्रयत्न का झाले नाहीत? शिकून वर गेलेला ख्रिस्ती मागे राहिलेल्या भावाकडे पाठ का फिरवतो? दक्षिणेतील दलित ख्रिस्ती बांधवांनी सायमन कमिशनला दिलेल्या निवेदनाचा दाखला देऊन त्यांनी दाखवले की, नाव बदलले, प्रार्थना बदलली, तरी गावाने दिलेले स्थान तेच राहिले आणि कधी कधी चर्चमधील बाकही वेगळेच राहिले.

ही टीका कोणा शत्रूची नव्हती. जो दार ठोठावत होता आणि आत काय चालले आहे हे बारकाईने पाहत होता, अशा माणसाची ती टीका होती.

महार वतन आणि हरेगावची परिषद

आता हरेगावच्या परिषदेकडे वळू. वतन हा शब्द आज भूषणाचा वाटतो. महार वतनात मात्र भूषणावह असे काही नव्हते. १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने ही चाकरी बांधून ठेवली होती. सरकारी टपाल आणि निरोप पोहोचवणे, अंमलदारांच्या दिमतीस राहणे, सारावसुलीच्या वेळी लोकांना बोलावून आणणे, गावाची राखण करणे, मेलेली जनावरे ओढून नेणे, अशी कामे दिवसरात्र करावी लागत. वतनदार आजारी असेल तर घरातील दुसऱ्याने जायचे. मोबदला म्हणजे वाटण्या होत होत तुकडे झालेली वतनी जमीन आणि सुगीच्या वेळी गावकऱ्यांनी घातलेले बलुते. ते घालणे न घालणे हे गावाच्या मर्जीवर. सरकारची चाकरी, पण पगार गावाच्या दयेवर, अशी ही विलक्षण व्यवस्था होती.

घोडेगाव आज जनावरांच्या बाजारासाठी दूरवर प्रसिद्ध आहे. बैलजोडीची किंमत इथे खुल्या बाजारात, देणाऱ्याघेणाऱ्याच्या संमतीने ठरते. वतनाच्या काळात मात्र माणसाच्या श्रमाला अशी ठरलेली किंमतच नव्हती. ज्या वतनदाराने काम नाकारले किंवा मान वर करून उत्तर दिले त्याचे बलुते बंद होई, आणि मग घरातली चूल विझे. राजकीय स्वातंत्र्य, मत, सभा, संघटना या गोष्टी अशा माणसाच्या आवाक्यात कशा येणार? बाबासाहेबांनी वतनाचा प्रश्न धसास लावला तो याच कारणाने. त्यांच्या लेखी वतन ही समाजाला गावाशी बांधणारी बेडी होती.

१९ मार्च १९२८ रोजी त्यांनी मुंबई कौन्सिलात महार वतन विधेयक मांडले. चाकरीच्या मोबदल्यात रोख वेतन मिळावे, ज्यांना वतन सोडायचे असेल त्यांना जमीन राखून मोकळे होता यावे, असा त्यामागचा हेतू होता. विरोध झाला आणि पुढील वर्षी ते मागे घ्यावे लागले. आपल्याच समाजातील अनेकांना वतनाचा मोह सुटत नव्हता. त्यांची समजूत घालण्यासाठी ते गावोगाव परिषदा घेत फिरले. १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन करून पुढील वर्षी ते मुंबई विधानसभेवर निवडून आले आणि कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयकही त्यांनी मांडले. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथील रेल्वे कामगारांच्या परिषदेत जातिवर्चस्व आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे त्यांनी प्रतिपादन केले. डिसेंबर १९३९ मधील हरेगावची परिषद याच वाटचालीतली. वतनदारांची गाऱ्हाणी एकत्र करून ती सरकारच्या कानी घालणे, आणि न ऐकल्यास संघटितपणे लढण्याची तयारी ठेवणे, ही दिशा तेथे मिळाली.

कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात १९५८ साली झाला. तेव्हा बाबासाहेब हयात नव्हते. तीस वर्षांपूर्वी पेरलेल्या बीजाचे फळ इतरांनी खाल्ले, आणि त्या इतरांत आपल्या घरातील माणसेही होती.

मजूरमंत्री आणि राज्यघटनेचे शिल्पकार

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी १९४६ ची दुरुस्ती त्यांच्याच खात्याने मांडली होती. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. तिचे सिद्धार्थ महाविद्यालय मुंबईत सुरू झाले आणि १९५० साली मराठवाड्यातील औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, येथेही महाविद्यालय निघाले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. घोडेगाववरून जाणारा महामार्ग त्याच नगरीकडे जातो.

स्वतंत्र भारताचे ते पहिले कायदामंत्री झाले आणि २९ ऑगस्ट १९४७ रोजी नेमलेल्या मसुदा समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. त्या संविधान सभेचे उपाध्यक्ष एच. सी. मुखर्जी हे ख्रिस्ती होते. जेझुइट धर्मगुरू फादर जेरोम डिसोझा हे तिचे सभासद होते.

राज्यघटनेची कलमे वाचताना त्यांमागचे जीवन दिसू लागते. १५ व्या कलमात विहिरी, तळी, स्नानाचे घाट आणि रस्ते यांच्या वापरात जन्मावरून भेद करण्यास मनाई आहे. तेथे चवदार तळे आठवते. १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. २३ व्या कलमाने वेठबिगारीवर बंदी घातली. तेथे हरेगावचे वतनदार आठवतात. ३२६ व्या कलमाने प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाला मत दिले. तेथे १९२८ ची मागणी आठवते. आणि २५ व ३० या कलमांनी आपला धर्म आचरण्याचे, त्याचा प्रसार करण्याचे आणि अल्पसंख्याकांनी आपल्या शिक्षणसंस्था चालवण्याचे स्वातंत्र्य दिले. आपली चर्च, आपल्या शाळा आणि वसतिगृहे याच छायेत उभी आहेत. अर्थात ही घटना एकट्याची निर्मिती नव्हे. पण साताऱ्याच्या शाळेतील तहान तिच्यात जपली गेली आहे.

संविधान सभेतील आपल्या अखेरच्या मोठ्या भाषणात, २५ नोव्हेंबर १९४९ रोजी, त्यांनी इशारा दिला की राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, अशा विसंगतीत हा देश प्रवेश करीत आहे. ती विसंगती लवकर दूर केली नाही तर लोकशाहीची इमारतच धोक्यात येईल.

स्त्रियांना वारसा आणि विवाहविषयक हक्क देणाऱ्या हिंदू कोड बिलाची वाट अडवली गेली, तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९५२ च्या निवडणुकीत आणि १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत त्यांचा पराभव झाला. ज्याने सर्वांना मताचा अधिकार मिळवून देण्यासाठी आयुष्य वेचले त्याला त्याच मतपेटीने नाकारले, आणि त्यांनी तो निर्णय स्वीकारला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्ली येथे त्यांचे महापरिनिर्वाण झाले आणि दुसऱ्या दिवशी दादर येथे अंत्यसंस्कार झाले.

आपल्यापुढील प्रश्न

बाबासाहेब आपल्या अंगणात येऊन गेले; पण त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आपण दिले आहे काय?

पहिली गोष्ट आपल्या गावांची. १ जानेवारी २०१३ रोजी घोडेगावपासून काही किलोमीटरवरील सोनई परिसरात मेहतर समाजातील तीन तरुणांची जातीबाहेरील प्रेमसंबंधाच्या कारणावरून निर्घृण हत्या झाली. २०१८ साली नाशिकच्या न्यायालयाने सहा जणांना दोषी ठरवले. ऑगस्ट २०२३ मध्ये खुद्द हरेगावात चोरीच्या संशयावरून काही दलित तरुणांना झाडाला उलटे टांगून मारहाण करण्यात आली. मतमाउलीच्या यात्रेच्या पंचाहत्तराव्या वर्षी, तिच्याच गावात हे घडले. अशा प्रसंगी न्याय मागणाऱ्यांच्या रांगेत आपण किती जण उभे असतो? संकटात सापडलेला माणूस आपल्या पंथाचा नाही म्हणून बाजूने निघून जाणाऱ्यांची गोष्ट प्रभूने आपल्याला सांगून ठेवली आहे.

दुसरी गोष्ट कायद्याची. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचे संरक्षण हिंदूंपुरते मर्यादित केले. १९५६ साली शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा त्यात समावेश झाला. दलित ख्रिस्ती आणि दलित मुस्लिम बाहेरच राहिले. २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची ही अट काढून टाकण्याची शिफारस केली. २०२२ साली केंद्र सरकारने याच प्रश्नासाठी आणखी एक आयोग नेमला. आपण १० ऑगस्टला काळा दिवस पाळतो, निवेदने देतो. ते आवश्यकच आहे. परंतु या प्रश्नाचा अभ्यास करणारे, कागदपत्रे समजून घेणारे, तहसीलपासून न्यायालयापर्यंत पाठपुरावा करणारे किती तरुण प्रत्येक धर्मग्रामात तयार झाले? बाबासाहेबांनी प्रत्येक आघाडीवर आधी अभ्यास केला आणि मग मागणी केली.

तिसरी गोष्ट आपल्या स्वतःच्या घराची, आणि हीच सर्वांत अवघड आहे. डिसेंबर २०१६ मध्ये भारतीय कॅथोलिक बिशप परिषदेने दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करताना ख्रिस्तसभेतही भेदभाव आहे, हे प्रांजळपणे मान्य केले. २००३ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी तामिळनाडूच्या बिशपांना जातीय पूर्वग्रहाविरुद्ध स्पष्ट शब्दांत बजावले होते. २०२२ साली हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला हे दलित समाजातून आलेले पहिले कार्डिनल झाले. ही पावले आनंददायक आहेत. तथापि सोयरीक जुळवताना आपण काय विचारतो? धर्मग्रामाच्या समितीवर कोणाची नावे सहज सुचतात आणि कोणाची सुचत नाहीत? महार आणि मांग या जुन्या भिंती वेदीसमोर पडल्या, पण मांडवात आणि पंगतीत त्या पडल्या आहेत का? याचे उत्तर कोणताही कायदा देऊ शकत नाही. आम्ही धर्मगुरूही या प्रश्नांतून सुटत नाही. प्रवचनात समता सांगणे सोपे असते, नेमणुका करताना तीच समता पाळणे अवघड.

सार्वजनिक जीवनात उतरणे म्हणजे श्रद्धेपासून दूर जाणे, अशी एक समजूत आपल्यात रुजली आहे. ग्रामसभेला न जाणे, मतदार यादीत नाव आहे की नाही हे न पाहणे, राजकारण हे आपले काम नव्हे असे म्हणणे, याला आपण सात्त्विकपणा समजतो. पोप फ्रान्सिस यांनी २०२० साली बंधुभावावरील आपल्या परिपत्रकात सर्वांच्या हितासाठी केलेले राजकारण हे प्रीतीचेच एक श्रेष्ठ रूप असल्याचे शिकवले. घोडेगावचा एखादा श्रद्धावंत रविवारी मिस्साला जातो आणि त्याच आठवड्यात ग्रामसभेत उठून वस्तीच्या पाण्याचा, रस्त्याचा किंवा दफनभूमीच्या जागेचा प्रश्न विचारतो, तेव्हा तो दोन वेगवेगळ्या ठिकाणी गेलेला नसतो. पवित्र भाकरीत सहभागी झालेल्याने शेजाऱ्याच्या भाकरीची चौकशी करावी, एवढीच ती संगती आहे.

पुढील सप्टेंबरमध्ये हरेगावच्या वाटेवर जपमाळ म्हणत चालताना, १९३९ साली याच गावी आपली गाऱ्हाणी घेऊन जमलेल्या माणसांचीही आठवण करू या. पवित्र मरियेने आपल्या स्तोत्रात दीनांना उंच करणाऱ्या परमेश्वराचे गौरवगान केले. त्या मातेच्या पायाशी आपण नवस बोलतो, मेणबत्ती लावतो. या वर्षी आणखी एक नवस बोलू या : बडोद्याच्या त्या घराचे दार त्या रात्री उघडले नव्हते, आमच्या घरांची, आमच्या चर्चची आणि आमच्या मनाची दारे यापुढे कोणासाठीही बंद राहणार नाहीत. तो फेडण्याची शक्ती प्रभू आपणां सर्वांना देवो.